जीआयच्या कारवाईचा खर्च कोणत्या खात्यातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडून संताप उसळला. आपल्याच बाजारात रेक्झिनची चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून खपते, तिच्यावर कारवाई का होत नाही, हे मात्र विधिमंडळात कोणीतरी नेटाने विचारायला हवे.

कायद्यात शिक्षा कडक आहे. भौगोलिक मानांकन (जीआय) म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण. त्यासाठीच्या १९९९च्या कायद्याच्या कलम ३९ नुसार खोटे मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होतो. गुन्हा दखलपात्र आहे. घोडे अडते ते कलम ५० पाशी. विनावॉरंट झडती-जप्तीचा अधिकार फक्त पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला, आणि त्यानेही आधी मानांकनांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारचे मत घ्यायचे, तेच पाळायचे. त्यांचे कार्यालय (रजिस्ट्री) चेन्नईत. तिथून मत येईपर्यंत गोदाम रिकामे व्हायला कितीसा वेळ लागतो? कॉपीराइटच्या गुन्ह्यात साधा फौजदारही वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो.

जप्तीनंतरचे काम आणखी खर्चिक. अस्सल चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. रेक्झिनची कड कापली की आतले कापड दिसते, ते पंचांनाही कळते. पण चामडे खरे असून क्रोमने (क्रोमियमच्या रसायनाने) कमावलेले असेल, तर नुसत्या नजरेच्या साक्षीवर कोर्टात भागत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. त्या तपासणीची फी, जाणकार साक्षीदाराचा भत्ता, माल ठेवायला कोरडी जागा (आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरली की पुरावाच गेला) हा खर्च कोणी उचलायचा? बौद्धिक संपदेचा कायदा केंद्राचा, पोलीस राज्याचे. म्हणून एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे जाते. पण चपलेचे मानांकन आपले लिडकॉम आणि कर्नाटकचे लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. हक्कदारच सरकारी महामंडळ असताना राज्याला हात झटकता येणार नाहीत.

जिल्ह्यातील आमदारांनी यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले खर्चाचे वेगळे खाते) मागावे, पण देखरेखीच्या अटीसकट. नुसता छाप्यांचा आकडा सभागृहाने ऐकून घेऊ नये. रजिस्ट्रारकडे किती प्रकरणे पाठवली, मत किती दिवसांत आले, दोषारोपपत्रे किती, शिक्षा किती, हा तक्ता दरवर्षी पटलावर ठेवावा. खर्च लोकलेखा समितीने तपासावा. नाहीतर निधी कार्यशाळा आणि फलकांतच जिरेल.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. कलम १७ खाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल, तर पिढीजात कारागीरही कागदोपत्री अडचणीत येऊ शकतो. या अर्जाची फी २०२० पासून अवघी १० रुपये आहे. अर्ज भरून घेणारा, पुरावे जोडून देणारा माणूस गावात पोहोचत नाही, तिथे काम अडते. पहिला पैसा त्यावरच खर्च व्हावा. छापे त्यानंतर, आणि तेही घाऊक गोदामांवर व ऑनलाइन विक्रेत्यांवर. रस्त्याकडेला चार जोड मांडून बसलेल्या बाईवर नव्हेत.

कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे आणि बाहेरचा गूळ त्याच नावाने विकला जाण्याची तक्रार तिथेही जुनी आहे. तेव्हा लेखाशीर्ष मागताना ते एकट्या चपलेपुरते मागू नये.

– एक वाचक, कोल्हापूर