गांजाच्या खटल्यात अपील करायचे कोणी?

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या जिल्हा पानावर चार ओळींची बातमी होती : गांजा बाळगल्याच्या खटल्यातून दोघे निर्दोष. त्या खटल्यात मी पंच होतो, म्हणून हे पत्र.

2019 चा पावसाळा. मी तेव्हा ग्रामसेवक होतो. रात्री ठाण्यातून निरोप आला, सरकारी पंच म्हणून या. ढाब्यामागे टेम्पोत दोन पोती होती. काटा जवळच्या आडत दुकानातून उचलून आणला. पोत्यांसकट वजन 22 किलो भरले. वाऱ्याने मेणबत्ती सारखी विझायची, नमुन्याच्या पाकिटांना सील करायची लाख धड वितळत नव्हती, जमादार दोन्ही हातांचा आडोसा करून बसले होते. दुसरा पंच म्हणजे ढाब्यावर चहाला थांबलेला एक माणूस. लेबलांवर सह्या केल्या, पंचनाम्यावर केल्या आणि मध्यरात्रीनंतर घरी आलो.

साक्ष निघाली पाच वर्षांनी. न्यायालयात नमुन्याचे पाकीट उघडले तेव्हा लाखेचा चुरा झालेला होता आणि लेबल ओलीने पुसट झाले होते. पंचनाम्यावरची सही माझीच, पण लेबलवरची ओळखता येत नाही, असे मी सांगितले. शपथेवर दुसरे काय सांगणार? दुसरा पंच फितूर झाला. आरोपींच्या वकिलांनी मला विचारले, रिकाम्या पोत्यांचे वजन वजा केले होते का? केले नव्हते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा 20 किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण ठरते आणि शिक्षा किमान 10 वर्षांची होते, म्हणजे तिथे पोत्याचे वजनही मोलाचे. त्याहून वाईट म्हणजे ठाण्यातून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना कोणाच्या ताब्यात होता, याची मुद्देमाल रजिस्टरला नोंदच नव्हती. खटला तिथेच बसला.

न्यायाधीशांना मी बोल लावत नाही. ज्या कायद्यात जामीन इतका अवघड आणि शिक्षा इतकी कडक आहे, तिथे झडती आणि जप्तीचा प्रत्येक नियम तंतोतंत पाळला गेला का, हे न्यायालय पाहणारच. उद्या माझ्याच मुलाच्या गाडीत कोणी पुडी टाकली तर मलाही हेच नियम आठवतील.

पण निकालानंतर आमच्या गल्लीतली एक बाई दारात आली. तिचा मुलगा गांजाने सुरुवात करून 'बटण' म्हणतात त्या नशेच्या गोळ्यांवर गेला आणि आता घरात टिकत नाही. म्हणाली, "भाऊसाहेब, सुटले म्हणं ते. मग आता आपल्याला काही करता येतंय का?" मी वकिलांकडे चौकशी केली. उत्तर मिळाले, काहीच नाही.

खून, मारहाण, फसवणूक अशा गुन्ह्यांत 2009 च्या अखेरीपासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येते. अमली पदार्थाच्या खटल्यात असा पीडित कागदावर नसतो. फिर्याद सरकारची, अपीलही सरकारनेच करायचे. त्याला मुदत 90 दिवसांची, आणि उच्च न्यायालयाची परवानगी लागते ती वेगळीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 378, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 419. सरकार गप्प बसले तर त्या बाईसाठी विषय संपला.

आमच्या खटल्यात अपील टिकेलच असे मी म्हणत नाही. खालच्या न्यायालयाने सोडले की आरोपीची बाजू दुप्पट भक्कम होते आणि दोन अर्थ निघत असतील तर वरचे न्यायालय सहसा निकाल फिरवत नाही. मात्र एनडीपीएसच्या कलम 52अ प्रमाणे नमुने घेण्यात चूक झाली, एवढ्यानेच खटला पडत नाही, बाकीचा पुरावा विश्वासार्ह आहे का ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे. तेव्हा निकालपत्र कोणीतरी बसून वाचायला हवे आणि खंडपीठात जायचे की नाही हे मुदतीत ठरवायला हवे. ते कोणी वाचले का, अभिप्राय कोणी दिला का, हे मी संबंधित कार्यालयात दोनदा जाऊन विचारले. 'फाइल वर गेली आहे,' याखेरीज काही कळले नाही.

आणि अपील करायचे नसेल, तर चूक कोणाची हे तरी लिहा. गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात 7 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले आहे की आरोपी निर्दोष सुटल्यावर पोलिस आणि अभियोग खात्याच्या वरिष्ठांच्या समितीने कारणे तपासावीत, आणि तपासात किंवा खटला चालवण्यात कसूर करणाऱ्यावर खात्याने कारवाई करावी. माझ्या साक्षीतल्या पोत्याबद्दल आणि त्या कोऱ्या रजिस्टरबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेले नाही.

हे आता लावून धरायचे कारण म्हणजे आपल्या मराठवाड्यात पुढे येणारे खटले. तुळजापूरचे अमली पदार्थांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल 2025 मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा शिवारात 11 किलोच्या वर मेफेड्रोन हा अमली पदार्थ सापडला. त्याचे व्यापारी प्रमाण 50 ग्रॅमला सुरू होते. त्या आरोपींचा दोष ठरायचा तो न्यायालयात ठरेल. पण तिथलेही पाकीट कधीतरी साक्षीदारासमोर उघडणार आहे.

माझी मागणी एवढीच : एनडीपीएसच्या खटल्यात निर्दोष सुटका झाली की अपील केले की नाही, आणि नसेल तर का, हे प्रत्येक जिल्ह्यात मुदतीच्या आत जाहीर करावे. निकालाच्या नकलेला लागणारे दिवस 90 मधून वजा होतात, हे मला माहीत आहे. ते सोडून मोजले तर आमच्या निकालाला आज 41 दिवस झालेत. उरलेत 49.

— एक निवृत्त ग्रामसेवक, लातूर जिल्हा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)