चोवीस तारखेची तिकिटं मी काढली आहेत

मडगाव
15 डिसेंबर 2025

ती. आई आणि बाबा यांना सा. न.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळे बरे आहेत. फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा दोनदा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई पोदेराकडे, त्या पाववाल्याकडे, सुटे नव्हते तिथपासून सुरुवात करते. मग मुद्द्याचं राहूनच जातं. आई, तूच वाचून दाखव. मध्ये गाळू नको, गाळलंस तर मला कळेल.

आधी ठरलेलं सांगते. 24 तारखेला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आपल्या एफसी गोवाचा ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोलशी फुटबॉल सामना आहे, त्याची तिकिटं मी काढली आहेत. बाबांचं, माझं आणि पिंट्याचं. जागा खालच्या बाजूला, कडेची, बाहेर पडायच्या दाराजवळ. दुसरं, मी तात्यांना फोन करून सांगितलंय की यापुढे बाबांना स्कूटरच्या मागे बसवून मॅचला आणायचं नाही. ते जरा गप्प झाले, मग ‘बरं गो बाय’ म्हणाले. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना मी दुसरं काही बोलूच दिलं नाही.

बाबा, तुमच्या मागून केलं असं तुम्हाला वाटेल. मागूनच केलं. पुढून विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, आणि तुमचं ‘बघू’ मला लहानपणापासून माहीत आहे.

सुपर कपच्या फायनलच्या रात्री मी घरीच होते, पिंट्याला ताप होता. बाल्कनीत उभं राहिलं की स्टेडियमचा आवाज येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पेनल्टी सुरू झाल्या तसा तो आवाज मध्येच थांबायचा आणि एकदम उसळायचा. मी टीव्ही बंद करून नुसत्या आवाजावरून ओळखत होते, कोणाची आत गेली, कोणाची नाही. आई, त्याच्या तासभर आधी तू मला फोनवर सांगितलंस की ते जेवून झोपले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पोराच्या स्टेटसवर बाबा! नारिंगी टोपी, दोन्ही हात वर, सगळ्यात वरच्या पायरीवर, मागे ढोलवाले. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर येऊन, पाणीसुद्धा न पिता, रात्री स्कूटरवरून परत डिचोली.

खोटं बोललीस म्हणून म्हणत नाही गं. तुझ्याजागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण पावसाळ्यात आपण गोमेकॉ हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसून काय काय नवस बोललो होतो ते विसरलीस का?

त्या रात्री काही झालं नाही, मान्य आहे. सामना चांगला झाला, लोक नीट बाहेर पडले, आपण जिंकलो. गोलशून्य बरोबरी आणि मग पेनल्टीवर ईस्ट बंगालला हरवणं, एवढं तर मलाही बघायचं होतं. याच वर्षी मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरचा 3-0 असा धुव्वा उडवला, आता घरच्या मैदानावर पुन्हा तोच कप. 2019 चा धरून तिसरा. मॅचवर माझा राग नाही. माझा राग त्या पायऱ्यांवर आहे, आणि रात्री अकरानंतरच्या बोरीच्या पुलावर.

तुम्ही म्हणाल, आयुष्य मैदानांवर गेलं, मला गर्दी शिकवतेस? शिकवत नाही. पण गेले काही दिवस मी यावर बरंच वाचते आहे, आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, हेही तुमच्याकडूनच आलंय. गर्दीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो असं आपण समजतो. बऱ्याचदा तो उभ्याउभ्याच जातो. सगळीकडून छातीवर दाब येतो, सोडलेला श्वास परत घ्यायला छाती फुगतच नाही. मागच्यांना पुढचं काही दिसत नसतं, त्यामुळे ते रेटत राहतात. फातोर्ड्याचं स्टेडियम सुरू झालं त्याच 1989 साली इंग्लंडमध्ये हिल्सबरोला हे झालं. पुढे लोखंडी जाळी, मागून लोंढा, 97 माणसं गेली. इंडोनेशियात कांजुरुहानला 2022 मध्ये पोलिसांनी स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले आणि दारांपाशीच अडकले. 135. आणि ईडन गार्डन्सचं 1980 चं तर तुम्हीच मला सांगितलेलं, मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना, 16 जण घरी परतलेच नाहीत.

लांबचं कशाला? या एका वर्षात काय काय बघितलं आपण. मे महिन्यात शिरगावच्या जत्रेतली चेंगराचेंगरी. मामा त्या पहाटे कोणत्या वाटेने घरी आला हे अजून आपल्यापैकी कोणी त्याला विचारलेलं नाही. जूनमध्ये बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांपाशी 11 जण, तेही विजयाच्या आनंदात. आणि फायनलच्या आदल्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग, 25 माणसं, बहुतेक धुरात गुदमरून. रविवारी सकाळपासून टीव्हीवर तेच चाललं होतं. ते बघत बघत तुम्ही संध्याकाळी टोपी शोधलीत, हे मला पचत नाही.

मी घाबरवतेय असं वाटत असेल तर थांबते. पण मला घाबरायला आणि घाबरून डोकं चालवायला शिकवलं कोणी? तो गाव आठवतो का, नाव लिहीत नाही, आईला अजून राग येतो. गावागावांमधल्या स्पर्धेची फायनल, पाऊस पडून गेलेला, मैदानाला बांबूचं कुंपण आणि बाहेर पडायला एकच फट. खेळ संपल्याबरोबर सगळे तिकडे धावले. तुम्ही मला उचलून चिऱ्यांच्या गडग्यावर उभं केलंत आणि माझ्याकडे पाठ करून, कोपरं बाहेर काढून उभे राहिलात. तुमच्या शर्टाची पाठ घामाने आणि तांबड्या चिखलाने भिजली होती, तिला मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. माझी लाल चप्पल खाली पडली तर म्हणालात, ‘चपलेसाठी कधी वाकायचं नाही. हात छातीपुढे, रेटारेटी करायची नाही, कडेकडेने सरकायचं.’ पिंट्याला मी शब्दन् शब्द हेच शिकवलंय. शाळेच्या बसमध्ये चढतानासुद्धा तो हात छातीपुढे घेतो, बाई हसतात.

तेव्हा गडग्यावर मला ठेवून तुम्ही खाली उभे होता. आता जागा जरा बदलू द्या.

म्हातारे झालात म्हणून नाही हो. तुम्ही अजून माझ्यापेक्षा भरभर चालता, चवथीला माटोळी तुम्हीच बांधलीत, मला माहीत आहे. पण हृदयाच्या नळीत जाळी बसवलेल्या माणसाने गर्दीच्या वेळी पंचेचाळीस पायऱ्या चढायच्या नसतात, मग तो कितीही भरभर चालो. पंचेचाळीस मी अंदाजे म्हटलं, मोजायला जाऊ नका.

जागेवरून तुम्ही कुरकुर करणार हेही ठाऊक आहे. वरून खेळाची मांडणी दिसते, खालून नुसते पाय दिसतात, असं तुमचं म्हणणं. मग पाय बघा काही दिवस! मागे ऑफिसच्या लोकांबरोबर सौदीच्या अल नासरशी झालेला आपला सामना मी खालूनच बघितला. रोनाल्डो आला नाही, म्हणून अर्धं ऑफिस तोंड पाडून बसलेलं. पण आपल्या ब्रायसनने गोल मारला तेव्हा चेंडूला लागलेल्या बुटाचा आवाज मला ऐकू आला असं अजून वाटतं, इतके लोक ओरडत असताना ते कसं शक्य आहे देव जाणे. 2-1 ने हरलो, पण शेवटपर्यंत मान खाली घालून खेळलो नाही. तो एक जण सेल्फीसाठी मैदानात धावला तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात की आमच्या वेळी असं नव्हतं. बाबा, तुमच्या वेळी अख्खा गाव मैदानात शिरायचा, फक्त कोणाकडे कॅमेरा नव्हता.

आशियाई क्लबांच्या या स्पर्धेत आपल्या गटात आपण अजून खातं उघडलेलं नाही, त्यामुळे 24 चा सामना तसा मानापुरताच. पण नेमका असाच सामना तुम्हाला आवडतो. 2015 ला त्या डिसेंबरात इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, फायनलला आपण नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-1 ने पुढे असून चेन्नईयिनने 3-2 केलं तेव्हा सगळं स्टेडियम पुतळा झालं होतं, आणि तुम्ही उठून हरलेल्यांसाठी टाळ्या वाजवायला लागलात. शेजारचा मनुष्य चिडला होता तुमच्यावर. धेंपो क्लबचा जमाना असो, साळगावकर क्लबचा असो, तुम्हाला जिंकण्यापेक्षा खेळण्याचंच जास्त. 84 ची संतोष ट्रॉफी मात्र वेगळी, तिच्यावर बोलताना तुम्ही जिंकण्याचंच बोलता. एकही गोल न खाता आणली, आणि गोलात ब्रह्मानंद, आपल्या ताळगावचा. पिंट्याला ही गोष्ट इतकी पाठ आहे की तो गोलकीपरच होणार म्हणतो. मधल्या सुट्टीत त्याच्याशी यावरच बोला. आयएसएल कधी सुरू होणार तेही कळत नाही सध्या, तेव्हा हा एक सामना आपण चांगला करू.

आता राहण्याचं. सामना संपल्यावर परत जायचं नाही, रात्री इथेच. पंचवीसला नाताळची सुट्टी आहे, सव्वीसला मी स्वतः सोडायला येईन. खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, पंख्याचा करकर आवाज यायचा तो दुरुस्त केला. पलंग उंच करून घेतला, बाबांना गुडघ्यावर जोर देऊन उठावं लागणार नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी लावली आहे. ती म्हाताऱ्यांसाठी नाही, परवा मीच घसरले असते. गरम पाणी नळाला येतं, आई, चूल पेटवायची नाही. पहाटेचा चहा तुमच्या वेळेला होईल. पेपर साडेसहाला दारात पडतो. लिफ्ट आता बंद पडत नाही. दुपारी पेज हवी तर उकडे तांदूळ आहेत, संध्याकाळी खाली बाकावर दोघं-तिघं निवृत्त मंडळी बसतात, त्यातला एक चर्चिल ब्रदर्स क्लबवाला आहे, भांडायला बरा.

आई, तुझी कारणं मी आधीच ऐकून ठेवली आहेत. तुळशीपुढची दिवाबत्ती तात्यांच्या घरून होईल, काकूंना मी विचारलंय. मांजर उपाशी राहणार नाही, ती आधीच दोन घरी जेवते. तुला मॅच बघायची नसेल तर बघू नको, तू इथे बस, शेजारीण नेवऱ्या करायला बोलवतेय. तुझ्याशिवाय त्या नीट होत नाहीत असं मीच तिला सांगून बसले आहे.

आता बाबा, हे नीट ऐका. सकाळची गोळी चुकवून निघायचं नाही. जिभेखाली ठेवायची गोळी शर्टाच्या डाव्या खिशात, पाकिटात नाही. आत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत, तेव्हा दाराबाहेर पाणी पिऊनच आत. बाहेरच्या गाड्यावरचं रस-ऑमलेट या वेळी नको, तोंड वाकडं करू नका, पाव माझ्याकडून. घरी किसमूर किती खाता हे मी विचारत नाही, कारण आई खरं सांगणार नाही. आत बसल्याबरोबर बाहेर पडायची दोन दारं डोळ्यांनी बघून ठेवायची, आलो त्याच दाराने जायलाच हवं असं नाही. शिट्टी झाली की लगेच उठायचं नाही, अर्धं स्टेडियम रिकामं होईपर्यंत आपण तिघं बसून राहायचं आणि तुम्ही मला खेळाडूंच्या चुका सांगायच्या. छातीत जरा जरी जड वाटलं तरी ‘गॅस’ म्हणायचं नाही. गोल झाला तर ओरडा, त्याला मी अडवणार नाही, पण बसून.

गाडी दुपारी तीनला दारात येईल, फोंड्यावरून. ड्रायव्हर ओळखीचा आहे, हळू चालवतो, त्याला वाटेत ‘जरा दाब’ म्हणू नका. आईला पुढची सीट द्या, तिला मागे मळमळतं.

आणि तात्यांना विचारा, चौथं तिकीट हवं का? ते माझ्यावर थोडे रुसले असतील. त्यांनाही त्याच गाडीतून आणा, झोपायला हॉलमध्ये गादी आहे. मात्र उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, कडेच्या जागा लवकर संपतात.

तुमची,
बाय