गूळ घातला म्हणून क्रम्बल पौष्टिक होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ॲपल क्रम्बलच्या (सफरचंदाच्या फोडींवर पीठ, बटर आणि साखरेचा भुरभुरीत थर पसरून भाजलेला गोड पदार्थ) कृती पुरवण्यांमधून येऊ लागतात आणि मथळ्यात ‘पौष्टिक’ हा शब्द हमखास असतो. आत पाहावे तर मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी तेवढाच गूळ, बटरऐवजी तेवढेच तूप. या अदलाबदलीत कणकेतला कोंडा सोडला तर हाती फारसे काही लागत नाही. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. तुपाचे तर उलटेच होते. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश आणि उरलेले बहुतेक पाणी असते, तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. तेवढेच तूप घातले तर पदार्थ आणखी जड होतो.

खरा फरक पडतो तो फळ आणि वरचा थर यांच्या प्रमाणाने. ब्रिटनमध्ये घरोघरी होणाऱ्या क्रम्बलचा साधा हिशेब २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर असा असतो आणि फळात ५० ग्रॅम साखर वेगळी. सहा जणांत वाटले तर माणशी २५ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी साधारण तेवढ्यावरच थांबणे इष्ट मानते, आणि त्यात गूळ व मधही धरते. म्हणून अशा कृतींत ग्रॅममधले वजन आणि किती जणांसाठी, हे दोन्ही छापावे ही विनंती. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते.

सहा जणांसाठी पुढील प्रमाण चांगले जमते. सफरचंदे ५०० ग्रॅम, पेरू २५० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा, गूळ १० ग्रॅम. वरच्या थरासाठी रोल्ड ओट्स ८० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ४०, भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट ३०, किसलेला कोरडा गूळ ३०, तूप ४० ग्रॅम, एक मोठा चमचा दूध, चिमूटभर मीठ. गूळ एकूण ४० ग्रॅम, म्हणजे माणशी सात ग्रॅमसुद्धा नाही.

सफरचंद सालासकट अर्ध्या इंचाच्या फोडी करून घ्यावे. पिठूळ झालेले लाल सफरचंद भट्टीत लगदा होते, त्यामुळे दाबून घट्ट लागेल तेच घ्यावे. आंबट हिरवे मिळाले तर उत्तम. पेरू मात्र तसाच टाकू नये, भाजल्यावर बिया दाताखाली खड्यासारख्या येतात. बियांचा गर काढून दोन चमचे पाण्यात पाच मिनिटे शिजवावा, गाळावा आणि तो गाळलेला गर फोडींत मिसळावा. पेरूत पेक्टिन (रस घट्ट करणारा फळातला घटक) भरपूर असल्याने रस आपोआप दाटतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. (स्ट्रॉबेरीच्या मोहात पडू नये. ती भाजली की पाणी सुटते आणि रंग विटतो, कच्चीच खावी.)

वरचा थर बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत. झटपट शिजणारे ओट्स वापरले तर चिखल होतो. तूप पातळ करून ओतले तर पीठ ते शोषून घेते आणि तेलकट वाळू तयार होते. थंडीत थिजलेले रवाळ तूपच बोटांच्या टोकांनी चोळावे. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन) नसते, म्हणून शेवटी दूध शिंपडून मूठ हलकी दाबावी, म्हणजे गुठळ्या धरतात. मिश्रण फळांवर सैल पसरावे. थापून बसवले की खालची वाफ अडते आणि थर ओला राहतो.

काचेचे किंवा स्टीलचे आठ इंची भांडे घ्यावे; आंबट फळाला उघडे ॲल्युमिनियम नको. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) १८० अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून दहा मिनिटे आधी तापवावा आणि मधल्या जाळीवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. वरचा रंग पाहून बाहेर काढू नये, कडेने रस खदखदू लागला पाहिजे. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, तेव्हा २५ मिनिटांनी रंग गडद वाटला तर वर फॉइल सैल ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजण्याच्या सोयीवर जमते.

भट्टी नसेल तर झाकण ठेवून कढईत ‘बेक’ करण्याच्या फंदात पडू नये, वाफेत कुरकुरीतपणा येतच नाही. फळे झाकून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवावीत, वरचे मिश्रण वेगळ्या कढईत मंद आचेवर परतून खमंग करावे आणि वाढताना वर घालावे.

सोबत आइस्क्रीम किंवा गोड कस्टर्ड घेतले तर वाचवलेली साखर मागच्या दाराने परत येते. त्याऐवजी साखर न घातलेला चक्का दोन चमचे पुरे, त्याचा आंबटपणा पेरूला छान लागतो. ‘मधुमेहींसाठी चालेल’ असे मात्र छापू नये. गूळ कमी असला तरी फळातली साखर आणि पिठातला स्टार्च आहेच, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारून, जेवणातली एखादी पोळी वजा करूनच खावे.

उरलेले फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. गरम करताना ओटीजीत दहा मिनिटे ठेवावे; मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर मऊ पडतो.

– एक वाचक, पुणे