भोक पाडलेला बन म्हणजे बेगल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी बन आणि बेगल (कड्याच्या आकाराचा चिवट पाव) करण्याची कृती वाचली. एकच पीठ मळायचे, अर्ध्याचे गोळे वळायचे, उरलेल्या गोळ्यांना मध्ये भोक पाडायचे आणि सगळे एकाच ट्रेमध्ये भाजायचे, असे तिच्यात आहे. राहवले नाही म्हणून लिहिते आहे. अशाने बेगल होणार नाही.

बनच्या पिठात दूध, बटर, कधी अंडे पडते, म्हणून तो लुसलुशीत होतो. बेगलचे पीठ घट्टच हवे. 500 ग्रॅम पिठाला साधारण 280 मिलीलिटर पाणी पुरते, आणि पीठ भरपूर प्रथिनांचे, शक्यतो 12 टक्क्यांच्या वरचे घ्यावे. मळताना मनगटे भरून येतात, तरी पाणी वाढवू नये. वळलेली कडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली की यीस्ट मंदावते आणि चव मुरते. सकाळी एक कडे पाण्यात सोडून पाहावे. तरंगले की समजावे, उकळायला तयार.

ही उकळण्याची पायरीच कृतीतून गाळली आहे, याचे मला फार वाईट वाटले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे यातली गंमत मला विशेष भावते. उकळत्या पाण्यात प्रत्येक बाजूने अर्धा ते एक मिनिट ठेवले की वरचा स्टार्च पाणी शोषून चिकट होतो आणि ओव्हनमध्ये जाण्याआधीच कवच धरतो. मग बेगलला फार फुगता येत नाही. आतून तो दाट, चिवट राहतो, वरून चकाकतो. पाण्यात बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा गोड अर्क, घालतात, कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मध. तीळ, खसखस लावायची तर बाहेर काढल्याबरोबर, पृष्ठभाग ओला असतानाच. पोलंडमधल्या क्राकुव शहरातील ज्यू समाजाच्या 1610 सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख आहे. इतक्या जुन्या पदार्थाची ओळख करून देताना त्याचा प्राणच वगळू नये.

आणखी एक विनंती. मापे वाटीत न देता ग्रॅममध्ये द्यावीत. चाळलेले पीठ आणि दाबून भरलेले पीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो, आणि यीस्टच्या पदार्थात तो लगेच दिसतो.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापलीत तर तापमानही वेगवेगळे द्यावे: बनला 180 अंश सेल्सिअस, बेगलला 220 च्या आसपास. एका ट्रेमध्ये दोन्ही नीट भाजले जात नाहीत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका