बोट एका अंगाला का बसते

पवनी, जि. भंडारा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इटियाडोह धरणावर तुमच्या मच्छीमार सोसायटीची १६ फुटी फायबर बोट आली, हे वाचून फार आनंद झाला. पण ती ट्रेलरवर घेतली की दरवेळी डावीकडे कलते आणि वेल्डर ट्रेलर कापायला निघालाय, हे वाचून लगेच लिहायला बसलो. त्याला आधी थांबव.

ट्रेलर राइस मिलच्या काँक्रीटच्या अंगणात रिकामा उभा कर. दोन्ही टायरमध्ये हवा सारखी भर. एक टायर बसका असला तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. ट्रॅक्टरला जोडायच्या हुकाच्या मधोमधपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लाव, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. मग गवंडी वापरतात ती पाण्याची नळी आण आणि बोट ज्या दोन लांब फळ्यांवर टेकते त्यांची उंची बघ. फरक निघाला तरी कापाकापी नको. यू-बोल्ट सैल करून फळी वर-खाली होते.

माझा अंदाज, तिथे फरक निघणारच नाही. मग खोट घाटात, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारात शोधायची.

आमचं सांगतो. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात जुन्या गावाचा डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तोच आमचा घाट. त्याची एक कड पाण्यानं खाल्लेली आहे. बोट वाकडी बसली की सगळे दोरी ओढायचे, बल्लीनं (लांब लाकडी खांबानं) ढकलायचे. आमच्यातले एक म्हातारे ढिवर (मासेमार) काका हे काठावरून बघत होते. म्हणाले, "दोरी सोडा अन् चाकाईकडं पाहा. एकीकडचा मडगार्ड बुडला, एकीकडचा उघडा हाये. मंग बोट कशी सरळ बसन?"

मला ते इतकं पटलं! पाणी कधी कलत नाही, त्यामुळे तरंगणारी बोट सपाटच असते. खाली ट्रेलर मात्र रस्त्याबरोबर कललेला. ट्रेलर बाहेर ओढायला लागलं की उंच बाजूची फळी बोटीला आधी लागते आणि बोट सखल बाजूला घसरते. जिथे घसरली तिथेच बसते. म्हणून दोन्ही मडगार्डवर पाणी कुठवर आलंय ते बघ. रेघ सारखी नसेल तर ट्रॅक्टर थोडा बाजूला घे, नाहीतर खालच्या चाकाच्या वाटेवर दगड-मुरूम टाकून घ्या. आणि हे दरवेळी बघावं लागतं. आमच्याकडे धरणाच्या ३३ दारांपैकी काही उघडली की पाणी मागे सरतं आणि काल सरळ असलेली जागा आज तिरपी होते.

दुसरी गोष्ट खोलीची. ट्रेलर जास्त खोल घातला की बोट चढवायला सोपी वाटते. पण मग नाक पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकतं आणि मागचा भाग तरंगतच राहतो; वारा त्याला पाहिजे तिकडे फिरवतो. म्हणून आधी फळ्या पूर्ण बुडवून ओल्या कर, मग ट्रॅक्टर पुढे घेऊन त्यांचा पुढचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर ठेव. शेवटचं अंतर विंचनंच, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या हातचरखीनंच ओढायचं. हाताला थोडा जोर लागला पाहिजे, तरच बोट फळ्यांना धरून बसतेय असं समज. तुमच्या तलावावर वारा मोकळा आहे, तेव्हा मागच्या दोन कोपऱ्यांवर जीआय पाइप उभे करून त्यांवर पीव्हीसीचे पाइप चढवा. बोट आणि पाइप यांत चार बोटं जागा पुरते.

फळ्या सागवानी आहेत ना? त्यांवर गालिचा ठोकताना लोखंडी खिळे अजिबात नको. स्टीलचे स्क्रू वापर आणि डोकी लाकडात बुडव. फळीचं मागचं टोक बोटीच्या मागच्या भिंतीखाली पूर्ण यायला हवं. इंजिनाचं सगळं वजन तिथे असतं. फळी आखूड पडली तर फायबरचा तळ हळूहळू वाकतो, आणि तो मग कोणी सरळ करून देत नाही.

बोट सरळ बसली तरी पुढे-मागे वजन किती आहे तेही बघ. धान तोलायचा काटा हुकाखाली ठेव. बोट, इंजिन, ट्रेलर मिळून ६०० किलो असेल तर हुकावर ६० किलोच्या आसपास भार हवा. फार कमी असला तर अर्जुनीच्या रस्त्यावर ट्रेलर मागून झोकांड्या खाईल. अशा वेळी पुढचा ठोकळा आणि विंच थोडे पुढे सरकव.

मत्स्यबीज सोडायचे दिवस जवळ आलेत. एकाच बोटीवर तुम्हाला इतके मामा (माजी मालगुजारी) तलाव करायचे आहेत, ती रोज चढणार, रोज उतरणार. एवढ्या घरांचं पोट तिच्यावर आहे, म्हणून इतकं लांबण लावलं. आधी घाटावर जाऊन मडगार्डवरच्या पाण्याची रेघ मोज आणि दोन्हीकडची मापं मला फोनवर सांग. तोवर वेल्डरला हात लावू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र