दादा, माझा तानपुरा वाजला

दादा, नमस्कार,

त्या रात्री फोनवर नुसतं थँक्यू म्हणून ठेवला, पण तेवढ्यावर समाधान होईना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, बाकी सगळं नीट झालं, आवाज मात्र अजिबात नाही. मला पहाटे रियाजाला काळी पाचचा तानपुरा लागतो, पंधरा दिवस मोबाइलवर भागवलं पण त्या बारक्या स्पीकरवर खर्जाची तार ऐकूच येत नाही. नेटवर शोधलं की जो तो सांगणार आल्सामिक्सर उघड, पल्सऑडिओ रीस्टार्ट कर, हे सगळे सल्ले लिनक्सवाल्यांसाठीचे, फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, आवाज सांभाळणारी लिनक्सची आल्सा नाहीच, ओएसएस ही वेगळी व्यवस्था आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं.

मावसभावाचे मित्र एवढीच ओळख, तरी रात्री साडेदहाला फोन केलात. पहिलं वाक्य हेच, ताई, कार्ड बिघडलं नसेल, आवाज कुठं जातोय ते आधी बघू. मग आवाजाची डिव्हाइसं दाखवणारी कमांड एकेक अक्षर सांगत गेलात, कॅट, स्पेस, स्लॅश डेव्ह, स्लॅश एसएनडीस्टॅट. तीन ओळी आल्या. पीसीएम0 एचडीएमआय, पुढे डिफॉल्ट लिहिलेलं, पीसीएम1 मागचा हिरवा जॅक, पीसीएम2 पुढचा हेडफोनचा. म्हणजे सगळा आवाज मॉनिटरकडे चाललेला आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! मग डेव्ह-रँडम ही कसाही डेटा देणारी फाइल सरळ डीएसपी1 मध्ये, म्हणजे त्या पीसीएम1 कडे, ओतायला लावलीत आणि स्पीकरमधून खर्रर्र असा नुसता खरखराट आला, दादा, इतका गोड खरखराट मी कधी ऐकला नव्हता.

पुढचं दोन मिनिटांचं काम, सिस्टीमच्या सेटिंग बदलणाऱ्या सिसकंट्रोल कमांडने एचडब्ल्यू डॉट एसएनडी डॉट डिफॉल्ट युनिट 1 केलं, म्हणजे आवाज हिरव्या जॅककडे वळवला, तीच ओळ ईटीसीमधल्या सिसकंट्रोलच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकली म्हणजे रीबूटनंतर पण राहते, आणि ब्राउझर बंद करून परत उघडला कारण आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनंच डिव्हाइस धरून बसतो.

हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत, यासाठी मी तयार ओळ मागितली तर तुम्ही दिली नाहीत. प्रत्येक मदरबोर्डावर आवाजाच्या जॅकचे पिन नंबर वेगळे असतात, दुसऱ्याचे चिकटवू नका म्हणालात, आणि बूटच्या लॉगमधून माझे नंबर मलाच शोधायला लावलेत. मी टाइप करताना तुम्ही गप्प थांबायचात, एकदाही घाई केली नाहीत, ते मी विसरणार नाही.

आता एका प्रोग्रॅममध्ये तानपुरा आणि दुसऱ्यात बाईंच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग असं दोन्ही एकदम वाजतं, कर्नलच ते मिसळून देतो, वेगळं काही टाकावं लागलं नाही.

गावाहून काकवी आलीये. तुमची बाटली भावाकडे ठेवलीये, नक्की घेऊन जा.