भिंतीपलीकडचं ऐकू येतं तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजाऱ्यांच्या आवाजाबद्दल तक्रारी करणारी पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. मीही तसंच एक लिहायला घेतलं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर रोज रात्री अकराच्या सुमाराला खुर्ची ओढली जाते, त्याबद्दल. पत्र अर्ध्यावर आलं आणि दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. अवघडत म्हणाल्या, "काका, तुम्ही पहाटे काही ठोकत असता का?"

ठोकत नव्हतो. माझी काठी होती. तिच्या टोकाचं रबर एका अंगानं झिजलं होतं, आतली नळी फरशीवर आपटत होती. पहाटे चारला उठून मी बाथरूमपर्यंतची बावीस पावलं त्या बाईंच्या डोक्यावर टकटक करत जात होतो आणि मला पत्ता नव्हता. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, भिंत तो बराचसा अडवते. काठीचा, खुर्चीचा, टाचेचा दणका मात्र सरळ स्लॅबमध्ये उतरतो. नवं रबर बसवलं. अर्धं पत्र फाडलं.

खरी अडचण वर किंवा खाली नव्हती, बाजूला होती. बायको गेल्यावर मुलानं शेजारचीच जागा मला घेऊन दिली. दोन दारं, मधे एक भिंत. जवळही आणि स्वतंत्रही, असं सगळे म्हणाले. एका रात्री मुलगा आणि सून कर्जाच्या हप्त्यावरून बोलत होते, जरा चढ्या आवाजात. सकाळी मी मुलाला म्हणालो, "हप्त्याची काळजी करू नकोस, माझी ठेव मोडू." सुनेनं हातातलं काम थांबवलं. "बाबा, हप्त्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भिंतीनं," मी म्हणालो. विनोद करायला गेलो होतो. ती हसली नाही.

चूक आवाजाची नव्हती, ऐकलेलं बोलून दाखवण्याची होती. त्या दिवशी पलंग त्या भिंतीपासून हलवला आणि तिथे पुस्तकांचं कपाट लावलं. थोडा फरक पडला. दोन्हीकडची विजेची खोकी पाठीला पाठ लावून बसवली असतील, तर तिथून आवाज झिरपतो, हेही तेव्हाच कळलं. आपल्या पुरवणीत पडद्यांच्या रंगांवर पानंच्या पानं येतात. एखादं पान यावरही द्या.

वरची खुर्ची राहिलीच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. पण माझा संताप डेसिबलात मावणारा नव्हता. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांत काहींना गोंगाट बंद करायचं बटण दिलं होतं. न दाबलं तर बरं, असंही सांगितलं होतं. त्यांनी ते दाबलं नाही, तरी बटण नसलेल्यांपेक्षा नंतरच्या मुद्रितशोधनात त्यांच्या चुका कमी झाल्या. १९७२ साली त्यांनी हे पुस्तकात मांडलं. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, म्हणून हे विशेष लक्षात राहिलं. माझ्याकडे बटण नव्हतं, ते मागायला वर गेलो.

दार एका तरुण मुलानं उघडलं. खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवतो म्हणाला, आणि चिकटवलेही. माझा फोन नंबर घेतला. आता काही मोठं हलवायचं असेल तर आधी कळवतो.

परवा त्याचा संदेश आला, 'काका, रात्री साडेदहाला कपाट सरकवणार आहे, पाच मिनिटं लागतील.' साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले, आवाज नाही. सव्वाअकरापर्यंत मी छताकडे बघत जागा होतो.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक